आज काय गावला?

(पहाट. दांडी किनारा, मालवण. होडी पाण्यात ढकलतात.)

मालवणला आलात की पहिल्या सकाळी झोपून राहू नका. उजाडायच्या आत दांडीच्या किनाऱ्यावर या. इथे रापण लागते, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं.

ही होडी पाहा. आत जाळं नीट रचून ठेवलंय. दोराचं एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांनी धरलंय आणि होडी निघाली. पुढचे वल्ही मारतायत, मागचे जाळं हाताहाताने पाण्यात सोडतायत. आधी सरळ आत, मग वळण, मग पुन्हा किनाऱ्याकडे. दुसरं टोक घेऊन होडी चांगलीच लांब वाळूला लागते. जाळ्याच्या वरच्या कडेला तरंगते गोळे, खालच्या कडेला वजनं. त्यामुळे पाण्यात ते भिंतीसारखं उभं राहतं.

(दोन रांगा. वाळूत रुतलेले पाय.)

आता ओढायचं. टाचा वाळूत रोवायच्या, अंग मागे टाकायचं आणि एका दमात दोर खेचायचा. मागे पोहोचलेला माणूस दोर सोडतो, पुन्हा पुढे पाण्यात जातो, पुन्हा धरतो. तासन्‌तास हेच. ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींच्या जवळ सरकतात आणि पाण्यातला घेर आवळत जातो. नुसते बघत उभे राहिलात तर कुणीतरी म्हणेलच, "वायच (जरा) हात लावा!" लावा. तळहात थोडे सोलतील, पण समुद्राला किती वजन असतं ते हाताला कळेल.

(जाळ्याचा घोळ वाळूवर येतो.)

बांगडे, तारली, पेडवे, सौंदाळे. नशीब असेल तर एखादी सुरमई. वाळूवरच वाटे पडतात: जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचा वाटा. आणि दोराला हात लावलेल्या पाहुण्यालाही मूठभर मासळी मिळते. एवढी मोठी शिकार आणि यंत्र एकही नाही. इथल्या मच्छीमार गाबीत समाजाने हे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलंय.

एलईडी दिव्यांच्या उजेडाने मासे ओढून घेणाऱ्या मासेमारीला केंद्राने २०१७ साली बंदी केली, मासळीचा अख्खा थवा वेढून उचलणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवरही राज्याचे निर्बंध आहेत. तरी पूर्वीसारखी मासळी किनाऱ्याला येत नाही, असं रापणकर सांगतात.

(बाजार. पाट्या, विळ्या.)

ही मासळी पाटीत बसून बाजारात जाते. विकणाऱ्या बायकांच्या विळीवरचा हात बघत राहावं असा चालतो. बांगड्याचा गलफडा उचलून बघा: आत लालभडक असेल तर तो आजचा.

जेवायला मोठी पाटी लावलेलं हॉटेल शोधू नका. घरगुती खानावळीत शिरा आणि मेनूकार्ड मागण्याआधी विचारा, "आज काय गावला?" म्हणजे आज काय मिळालं? फ्रीजरमधलं पापलेट सगळीकडे मिळतं. आज सकाळी दांडीवर निघालेला बांगडा इथेच मिळणार.

(चुलीवर मातीचं भांडं.)

हे बांगड्याचं तिखलं, म्हणजे झणझणीत कालवण. लाल मिरचीचं वाटण, कोकमं आणि ही तिरफळं, उग्र वासाची मसाल्याची फळं. तिरफळं वाटायची नाहीत, नुसती ठेचून टाकायची. वास उतरतो आणि जीभ जराशी झिणझिणते. ताटात आली तर बाजूला ठेवायची, चावायची नाहीत. सोबत भात, आणि शेवटी सोलकढी. नारळाच्या रसात कोकमाचं आगळ पडलं की पांढऱ्याचं गुलाबी होतं, ते या दृश्यात बघा. जेवण झाल्यावर बाजारातून आल्याचा, गुळाचा खाजा बांधून घ्या.

(होडीतून किल्ला.)

दुपार कलल्यावर जेटीवरून होडीने सिंधुदुर्गावर जा. कुरटे बेटावरचा हा जलदुर्ग. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी पायाभरणी केली. पायाच्या दगडांत शिसं ओतलं होतं. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. किल्ल्यातल्या शिवराजेश्वर मंदिरात जरूर जा. तिथल्या महाराजांच्या मूळ मूर्तीला दाढी नाही आणि डोक्यावर नावाड्यासारखी टोपी आहे. सकाळी दोर ओढून आलेल्या माणसाला ती टोपी लगेच ओळखू येते.

(संध्याकाळ. चिवला किनारा. वाळूवर पसरलेलं जाळं.)

संध्याकाळी चिवल्याला चालत जा. फाटलेली जाळी इथे वाळूवर बसून शिवतात. एक म्हातारे रापणकर सुई चालवतायत. नजर समुद्राकडे, बोटं गाठीवर, आणि गाठ चुकत नाही.

पावसाळ्यात, जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि किल्ल्यावरच्या होड्याही थांबतात. म्हणून दिवाळीनंतर या. उद्या रापण लागणार की नाही, ते आदल्या संध्याकाळी जाळं शिवणाऱ्या कुणालाही विचारा. वारा बघून तेच सांगतील.