पाणी, चारा, मुक्काम, नाका

[दृश्य: तेर. सकाळची वेळ. तेरणेचं पात्र, मागे त्रिविक्रम मंदिराच्या जुन्या विटा.]

हे तेर. धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणेच्या काठचं गाव. वारकऱ्यांना ते गोरोबाकाकांचं गाव म्हणून ठाऊक आहे. माझी मावशी इथं राहते. तिनं जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात तीस वर्षं इतिहास शिकवला, आणि निवृत्तीनंतरच्या पहिल्याच दिवाळीत जॉर्डनला जायचं ठरवलं. कुठल्या टूरबरोबर नाही. ती आणि कॅमेरा घेऊन मी, असे दोघंच.

जॉर्डनच कामून, असं घरातल्या सगळ्यांनी विचारलं. तिचं उत्तर तयार होतं. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची आणि मालाची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' म्हणतात त्या लिखाणाला. त्यात पैठण आहे, आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे. तगर म्हणजेच हे तेर. इथलं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरावर जायचं. त्याच लिखाणात, तगरच्या बरंच आधी, नबातियन या जुन्या अरब लोकांच्या राजाचं पेट्रा येतं. ते आजच्या जॉर्डनमध्ये आहे.

"दोन गावं एका पुस्तकात," मावशी म्हणायची. "एक मी रोज बघते. दुसरं कवा बघू?"

[दृश्य: मावशीचं स्वयंपाकघर. ओट्यावर शंभर पानी वही, चष्मा, पेन.]

विमानाच्या तिकिटांचे पैसे भिशीतून आले. बाकी खर्चाचा हिशेब या वहीत आहे, आणि ही फिल्म त्या वहीबद्दलच आहे. मावशीनं पान आखलं ते 'पहिला दिवस, दुसरा दिवस' असं नाही. तिनं चार रकाने पाडले आणि वर लिहिलं: पाणी, चारा, मुक्काम, नाका.

हे शब्द तिला प्लिनीनं दिले. हा रोमन लेखकही पहिल्या शतकातला. दक्षिण अरबस्तानातून भूमध्य समुद्रावरच्या गाझापर्यंत धूप घेऊन येणाऱ्या उंटांच्या काफिल्यांचा खर्च त्यानं लिहून ठेवलाय. वाटेत पासष्ट मुक्काम. कुठं पाण्याला पैसे, कुठं चाऱ्याला, कुठं मुक्कामाला, कुठं नाक्यावर. सगळं मिळून एका उंटामागं 688 दिनारियस, म्हणजे रोमन नाणी. आजच्या जॉर्डनच्या चलनाला दिनार म्हणतात, तो शब्द त्याच दिनारियसवरून आलेला आहे.

मला हे ऐकताना वाटलं, याच्यापेक्षा जुनं आणि चांगलं बजेट शोधून सापडणार नाही. वाळवंटात खर्च दिवसावर होत नाही, टप्प्यावर होतो. एका ठिकाणी बसून राहिलं तर थोडक्यात भागतं. हललं की पैसे जातात. शहरातल्या ट्रिपची वही आणि वाळवंटाची वही यांच्यात फरक आहे तो हाच, आणि मावशीला तो घरबसल्या कळला होता.

[दृश्य: वहीचं पान जवळून.]

आधी नाका. जॉर्डनचा व्हिसा 40 दिनार. पेट्राचं दोन दिवसांचं तिकीट 55. जेराशच्या रोमन अवशेषांचे 10, राजधानी अम्मानच्या गढीचे 3, वाडी रमच्या वाळवंटात प्रवेशाचे 5. बेरीज 113. जॉर्डन सरकारचा 'जॉर्डन पास' आहे, त्यात ही सगळी ठिकाणं येतात. पेट्राचे दोन दिवस धरून तो 75 दिनारांना मिळतो. तो देशात पाऊल ठेवण्याआधी घ्यायचा आणि किमान तीन रात्री राहायचं, म्हणजे व्हिसाची फीही माफ होते. माणशी 38 दिनार वाचले. हिशेबाला सोपं जावं म्हणून मावशीनं दिनाराला 120 रुपये धरले होते. साडेचार हजारांच्या वर रक्कम झाली ती.

पेट्राचा एक दिवस धरला तर हाच पास 70 दिनारांना. दुसरा दिवस फक्त पाच दिनारांत पडतो. यावर मावशीनं विचारसुद्धा केला नाही. "एवढ्या लांब जाऊन पाच दिनारांसाठी पळापळ करायची का?"

मग मुक्काम. नऊ रात्री. अम्मान दोन, पेट्राशेजारच्या वाडी मूसा गावात तीन, वाडी रममध्ये दोन, अकाबा बंदराला एक, परत अम्मानला एक. दोघांत एक साधी खोली, माणशी 15 दिनार धरून 135. चारा आणि पाणी तिनं शेवटी एकत्र केलं: दहा दिवस, रोजचे 11, म्हणजे 110. वाटेचे 80. रममधल्या जीपचे 40. आणि सगळ्यात खाली, चौकट करून, राखीव 60.

पासचे 75 धरून पाचशे दिनार. साठ हजार रुपये माणशी, विमान वगळून.

जॉर्डनचा दिनार 1995 पासून अमेरिकन डॉलरला बांधलेला आहे. एक डॉलर म्हणजे 0.709 दिनार, त्यात हालचाल नाही. त्यामुळं आम्हाला दिनाराकडं बघायची गरज नव्हती. रुपया डॉलरसमोर कुठं उभा आहे, तेवढंच बघायचं. मावशीनं महिनाभर सकाळच्या पेपरात तो एकच आकडा वाचला आणि वहीच्या कडेला पेन्सिलीनं लिहीत गेली.

[दृश्य: धाराशिव स्टेशन, रात्र. लातूर–मुंबई एक्सप्रेस येते.]

बरोबर एक पिशवी होती. दशम्या, धपाटे, शेंगाची चटणी, लसणाचं तिखट. पहिल्या तीन दुपारचं जेवण त्या पिशवीत होतं. ड्रोन मी घरीच ठेवला, कारण परवानगीशिवाय तो जॉर्डनमध्ये नेता येत नाही.

[दृश्य: अम्मान. टेकड्यांवरची पांढरट दगडी घरं. प्रत्येक गच्चीवर टाक्या.]

अम्मानला पहिल्या सकाळी मावशी गच्चीवर गेली आणि बराच वेळ खाली आलीच नाही. मी वर गेलो. ती टाक्या मोजत होती.

जॉर्डन जगातल्या सगळ्यात कमी पाण्याच्या देशांपैकी एक आहे. देशाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक भागात वर्षाला 200 मिलिमीटरही पाऊस पडत नाही. राजधानीतल्या बहुतेक घरांना नळाचं पाणी आठवड्यातून एखादा दिवस येतं, आणि ते या टाक्यांत साठवून पुढचा आठवडा काढायचा. 2013 पासून शहराच्या पाण्याचा मोठा भाग येतो तो 325 किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीतून. वाडी रमजवळच्या दिसी इथं जमिनीखाली हजारो वर्षांपासून साठलेलं पाणी उपसून आणतात. पाऊस ते पुन्हा भरून देत नाही.

आमच्या हॉटेलच्या मालकीणबाईंनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, पाण्याचा दिवस तो धुण्याचा दिवस. मावशीनं मला भाषांतर करायला लावलं: आमच्या लातूरला 2016 साली पाणी रेल्वेनं आलं होतं. मिरजेहून. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. बाईंना आधी खरं वाटेना. मग त्यांनी चहा मांडला, आणि त्या चहाचे पैसे काही केल्या घेतले नाहीत.

मावशी सहा वर्षांची असताना 1972 चा दुष्काळ पडला. तिची आई दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि घरात मिलो नावाच्या परदेशी ज्वारीची लाल भाकरी असायची. वहीत राखीवची चौकट कुठून आली, ते मला त्या गच्चीवर कळलं. विहिरीचा तळ दिसायला लागला की घरात जी एक घागर कुणी हात लावायचा नाही म्हणून बाजूला ठेवतात, तीच ती चौकट.

[दृश्य: बसच्या खिडकीतून उजाड माळ, एकच सरळ रस्ता.]

वाटेचा खर्च सगळ्यात अवघड. मोठ्या बसेस मोजक्या, आणि अम्मानहून पेट्राला जाणारी भल्या सकाळी निघते. बाकी गावोगाव मिनीबस. तिचं वेळापत्रक नसतं. आपल्याकडच्या काळीपिवळीसारखी, सीटं भरली की निघते. स्वस्त आहे, पण तिची किंमत वेळेत मोजावी लागते. टॅक्सी तुमच्या वेळेला निघते आणि अख्ख्या टप्प्याचं बजेट खाऊन टाकते.

नोटा मोजताना एक गोष्ट सुरुवातीला गोंधळवते. दिनाराचे हजार फिल्स, म्हणून भावाच्या पाटीवर दशांशचिन्हानंतर तीन आकडे. 2.500 म्हणजे अडीच दिनार. मावशीनं ते पहिल्याच दुकानात नीट समजून घेतलं. एटीएममधून पैसे काढायला दर वेळी वेगळं शुल्क पडतं, म्हणून आम्ही सगळ्या प्रवासात दोनदाच काढले.

[दृश्य: सिक. दोन्ही बाजूंना उंच तांबूस कडे. मावशी भिंतीलगत चालतेय.]

पेट्रा. ही सिक नावाची खिंड, सव्वा किलोमीटरच्या आसपास. सगळे पुढं बघत चालतात, कारण शेवटी फटीतून, कड्यात कोरलेल्या 'खजिना' नावाच्या वास्तूची ती दर्शनी भिंत दिसते. मावशी मात्र कमरेच्या उंचीवर बघत होती. तिथं दगडात पन्हळ कोरलेली आहे. समोरच्या भिंतीला मातीच्या नळ्यांचे तुकडे अजून बसवलेले दिसतात. नबातियन लोकांनी लांबच्या झऱ्याचं पाणी असं शहरात आणलं, पुराचं पाणी बांध घालून वळवलं, पावसाचं हौदात धरलं. काफिले इथं थांबायचे कारण इथं पाणी होतं, आणि पाणी होतं म्हणून नाका होता. प्लिनीच्या यादीतले चारही रकाने या एका जागेवर वसूल होत होते. संभाजीनगरची पाणचक्की आणि मलिक अंबरची नहर बघितलेल्या माणसाला मातीच्या नळाचं मोल सांगावं लागत नाही.

फाटकापासून सिकपर्यंत घोडा तिकिटातच आहे, असं तुम्हाला सांगतील. ते खरं आहे. पण उतरल्यावर बक्षिशी मागतात, आणि ती तिकिटात नसते. आम्ही चाललो. पाणी वाडी मूसाच्या दुकानातून आदल्या रात्रीच घेतलं, माणशी तीन लिटर. आत ते बरंच महाग पडतं. दुपारी खजिन्यासमोरच्या सावलीत आम्ही धपाटे सोडले. शेजारी बसलेल्या, वाळवंटातल्या बेदुईन टोळीतल्या मुलाला चटणी तिखट लागली, पण त्यानं दुसऱ्यांदा मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी आम्ही वरच्या देरपर्यंत, म्हणजे डोंगरावर कोरलेल्या 'मठा'पर्यंत चढलो. आठशेच्या वर पायऱ्या. मावशी दर पन्नास पायऱ्यांना थांबली, आणि कुणी घाई करायला नव्हतं. पाच दिनारांनी दिलेला दिवस होता तो.

[दृश्य: वाडी मूसाचा बस थांबा. रिकामा.]

चूक माझी झाली. वाडी रमला निघायचा दिवस मी ठरवला होता आणि तो शुक्रवार निघाला. जॉर्डनमध्ये शुक्रवार हा सुट्टीचा दिवस. थांब्यावर आम्ही दोघं आणि एक म्हातारे गृहस्थ. मिनीबस भरलीच नाही. दीड तासानं मावशीनं वही उघडली, राखीवच्या चौकटीकडं बघितलं आणि म्हणाली, "लेकरा, हात लाव आता घागरीला."

टॅक्सीचे 45 दिनार. माणशी साडेबावीस.

[दृश्य: वाडी रम. तांबडी वाळू, त्यातून सरळ वर आलेले डोंगर.]

रममध्ये तंबूतली रात्र स्वस्त दिसते. पण आत फिरायला जीप लागते, आणि खरा खर्च तिचा. जीपचा भाव गाडीमागं असतो, माणसामागं नाही. दोघांनी घेतली तर जड, चौघांनी घेतली तर निम्मी. तळावर उतरल्यावर मावशीनं आधी दोन सोबती शोधले. केरळच्या दोन नर्स होत्या, आखातात नोकरीला, सुट्टीवर आलेल्या. चौघांची एक गाडी झाली. रात्री वाळूत पुरलेल्या भट्टीतून झर्ब बाहेर काढलं, मटण, बटाटे, गाजर. ते मुक्कामाच्या पैशांतच होतं. जेवणानंतर दिवे घालवले. त्या आकाशाबद्दल मी इथं काही बोलणार नाही, फक्त दाखवतो.

[निवेदन थांबतं. वीस सेकंद आकाश.]

[दृश्य: अकाबाहून अम्मानकडं जाणारी बस. मावशी वहीत लिहितेय.]

शेवटच्या रात्री अम्मानला वही जुळवली. राखीवमध्ये माणशी 37 दिनार 500 फिल्स उरले होते. वहीच्या दुसऱ्या पानावर एक नाव खोडलेलं होतं: मृत समुद्र. तिकडं सोयीची बस नाही, टॅक्सीच करावी लागते, म्हणून तेरमध्येच ते काढून टाकलं होतं. मावशीनं त्या खोडलेल्या ओळीखाली तेच नाव परत लिहिलं. अम्मान, मृत समुद्र आणि तिथून परस्पर विमानतळ, अशी एकच टॅक्सी ठरवली.

[दृश्य: मृत समुद्र. उथळ, जड, निळसर पाणी. किनाऱ्यावर मिठाचे थर.]

समुद्रसपाटीपासून चारशे मीटरहून खाली आहे हे. आणि दरवर्षी मीटरभर आणखी खाली जातंय, कारण त्याला मिळणारी जॉर्डन नदी वरच्या वर वापरली जाते. जुन्या पाण्याच्या रेषा काठावर पायऱ्यांसारख्या दिसतात. आमच्या गाडीवाल्यानं हात करून दाखवलं, तो लहान असताना पाणी कुठं होतं ते.

मावशीला पोहता येत नाही. पंजाबी ड्रेसवर ती गुडघाभर पाण्यात गेली, माझा हात धरून मागं टेकली, आणि मग तिनं हात सोडला. पाण्यानं तिला वर धरलं होतं. किती वेळ ती तशी पडून होती, ते मी मोजलं नाही.

बाहेर आलं की अंगावरचं मीठ लगेच धुवावं लागतं. काठावर गोड्या पाण्याचे नळ आहेत. मावशी नळाखाली उभी राहिली, भरभर हातपाय चोळले, डोक्यावरून एकदा पाणी घेतलं.

मग तिनं नळ बंद केला, आणि शेजारचा कुणीतरी थेंबथेंब चालू ठेवून गेलेला नळही घट्ट पिळला.