काठावरचं नाव

(दृश्य: सकाळ. सोलापूरचा पूर्व भाग. अरुंद बोळ, अर्ध्या उघड्या दारातून दिसणारा माग.)

निवेदन:
आमच्या पूर्व भागात दिवस उजाडतो तो मागांच्या खडखडाटात. खालच्या मजल्यावर चादरी विणल्या जातात आणि वरच्या खोलीत मी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहितो. गिऱ्हाइकं इथलीच, चादरीचे व्यापारी आणि टॉवेलचे कारखानदार. जीएसटीचं बिल निघालं, उधारीचा हिशोब जुळला की त्यांचं भागतं.

त्यातला माझा स्वतःचा कोड किती? थोडाच. पीडीएफ बनवणं, बारकोड काढणं, एक्सेलची फाइल वाचणं, ही सगळी कामं ओपन सोर्स लायब्रऱ्या करतात, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून सगळ्यांसाठी उघडे ठेवलेले कोडचे तयार तुकडे. मी नावानिशी मागवल्या चौदा. त्यांच्या पाठोपाठ त्यांना लागणाऱ्या आल्या, त्यांनाही लागणाऱ्या आल्या, आणि फोल्डर उघडून मोजल्या तर शेकड्यांनी निघाल्या.

बरीच वर्षं मी एकीचाही परवाना, म्हणजे ती कोणत्या अटींवर वापरायची ते सांगणारा मजकूर, वाचला नव्हता. फुकट आहे ना, मग वापरा, एवढंच डोक्यात. पुढे पुण्याच्या एका कंपनीनं माझं सॉफ्टवेअर घ्यायची तयारी दाखवली. त्यांचा पहिलाच प्रश्न होता: यात दुसऱ्यांचं काय काय आहे? परवान्यांसकट यादी द्या.

(दृश्य: रात्र. स्क्रीनवर सरकत जाणारी नावं.)

दोन रात्री यादी करत बसलो. बहुतेक लायब्रऱ्या एमआयटी परवान्याच्या. तो परवाना दोनशे शब्दांच्या आत संपतो. वापरा, बदला, विका, सगळ्याला मोकळीक. अट एकच: कॉपीरायटची ओळ आणि परवान्याचा मजकूर प्रत्येक प्रतीसोबत गेला पाहिजे.

माझ्या प्रतींमधून तो जातच नव्हता. मूळ फाइलच्या डोक्यावर लेखकाचं नाव होतं. पण गिऱ्हाइकाला द्यायची प्रत तयार करताना फाइल लहान करणारं एक साधन, मिनिफायर, मोकळ्या जागा आणि टिपा छाटून टाकतं, आणि त्या छाटणीत नावाची ओळही उडत होती. मी मुद्दाम काही पुसलं नव्हतं. तरी गिऱ्हाइकाच्या हाती पडणाऱ्या प्रतीत ते नाव नव्हतं.

(दृश्य: चादरीचा काठ, अगदी जवळून. विणलेली अक्षरं. त्यावरून फिरणारा विणकराचा अंगठा.)

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. तरीही बाहेर कुठेतरी काढलेला माल ‘सोलापुरी’ म्हणून बाजारात येतो, आणि इथल्या विणकराच्या पोटात तुटतं. मी लहानपणापासून ते ऐकत आलोय. त्या रात्री मिनिफाय झालेली फाइल पाहताना तेच आठवलं आणि जीव कसनुसा झाला.

नावांचं काम एका दिवसात झालं. ‘परवाने’ नावाचा फोल्डर केला आणि एकेकाचा मजकूर त्यात ठेवला. अपाचे २.० हा दुसरा एक परवाना; त्या लायब्रऱ्यांची ‘नोटीस’ नावाची श्रेयाची फाइल असेल तर तीही सोबत द्यावी लागते, आणि त्यांच्या फाइलमध्ये आपण बदल केला असेल तर तसं लिहावं लागतं. बिलावरची मराठी अक्षरं ‘मुक्त’ या टंकातली, मुंबईच्या ‘एक टाइप’ या टंक घडवणाऱ्या संस्थेनं घडवलेली. तो सॉफ्टवेअरसोबत देता येतो, नुसता टंक म्हणून विकता येत नाही. त्याचाही परवाना फोल्डरमध्ये गेला.

घाम फुटला तो पीडीएफच्या लायब्ररीनं. ती एजीपीएल या परवान्याची निघाली, जीपीएल या कडक परवान्याच्या घराण्यातल्या. जीपीएल घराण्यातला कोड आपल्या प्रोग्रॅममध्ये मिसळून गिऱ्हाइकाला दिला, की त्या गिऱ्हाइकाला अख्ख्या प्रोग्रॅमचा सोर्स कोड, म्हणजे माणसानं लिहिलेला मूळ कोड, त्याच परवान्याखाली मिळायला हवा. पैसे घेऊन विकायला बंदी नाही. जगापुढे कोड टाकायचीही सक्ती नाही, ज्याला प्रत दिली त्याचा तो हक्क. स्वतःच्या ऑफिसात वापरून कुणाला दिलाच नाही, तर जीपीएल काही मागत नाही. एजीपीएल एक पाऊल पुढे जातो: बदललेला प्रोग्रॅम सर्व्हरवर ठेवून नेटवरून लोकांना वापरू दिला, तरी त्यांना सोर्स द्यावा लागतो.

माझ्यापुढे तीन वाटा होत्या. कोड उघडा करायचा, लेखकाकडून व्यावसायिक परवाना विकत घ्यायचा, किंवा लायब्ररी बदलायची. मी बदलली. आठवडाभर बिलाचे रकाने जागेवर बसत नव्हते. नवी आवृत्ती दारोदार जाऊन टाकून दिली आणि जुन्या लायब्ररीच्या लेखकाला चूक कळवली. या परवान्यातच सोय आहे: पहिल्यांदाच चुकलात आणि नोटीस आल्यापासून ३० दिवसांत सुधारलंत, तर हक्क परत मिळतात. मी नोटिशीची वाट पाहिली नाही.

एक लायब्ररी मात्र काढूनच टाकली, कारण तिच्यासोबत परवानाच नव्हता. कोड उघड्यावर दिसतो म्हणजे घ्यायची मुभा आहे, असं पुष्कळांना वाटतं, मलाही वाटायचं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. लेखकानं लिहून दिलं नसेल, तर तो वापरायला परवानगीच नाही.

(दृश्य: चादरीचं दुकान. संगणकापुढे वयस्कर व्यापारी.)

आता सॉफ्टवेअरमध्ये ‘याविषयी’ म्हणून एक पान आहे, त्यावर या लायब्रऱ्यांच्या लेखकांची नावं आहेत. परवा एका काकांनी ते चुकून उघडलं. चष्मा सावरून बराच वेळ खाली खाली सरकवत राहिले.
“एवढी माणसं? पगार कोण देतं यांना?”
“बहुतेकांना कुणीच नाही, काका.”
ते काही बोलले नाहीत. पुन्हा वर गेले आणि पहिल्या नावापासून वाचायला लागले.