मलनला मिळालेला तास

नमस्कार मंडळी. आमची लेक ओमाहाला असते, अमेरिकेत, नेब्रास्का राज्यात. आम्ही गेलो की ती दरवेळी विचारते, "आई, यंदा कुठे जायचं?" न्यूयॉर्क झालं, नायगारा झाला. मागे एकदा माझे थोरले दीर अण्णाही आमच्याबरोबर होते. अण्णांची सगळी नोकरी सांगलीकडे साखर कारखान्यात गेली. ते म्हणाले, "इमारती पुरे झाल्या. इथे मोकळं रान नाही का कुठे?"

आता नेब्रास्कात मोकळं रान विचारायचं म्हणजे कोकणात समुद्र कुठे आहे म्हणून विचारण्यासारखंच! मेअखेरीस निघालो. आम्ही दोघं, अण्णा, लेक, जावई, दोन तंबू आणि एक भाड्याची गाडी. ग्रँड आयलंडला हमरस्ता सोडला आणि दोन नंबरचा रस्ता धरला. तिथून अलायन्स गावापर्यंत 272 मैल.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवते. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर आला की टाकी भरायची. आणि पाण्याचा नळ दिसला की कॅन भरायचा. पुन्हा सांगते. काटा अर्ध्यावर आला, टाकी भरा. नळ दिसला, कॅन भरा. पहिली गोष्ट आम्ही पाळली. दुसरीचं काय झालं ते पुढे येतंच आहे.

या भागाला सँडहिल्स म्हणतात. वाळूच्या टेकड्या. पण वाळू दिसतच नाही, वर सगळं गवत. राज्याचा चौथा हिस्सा तरी असाच आहे. गवताच्या मुळांनी ती वाळू जागच्या जागी धरून ठेवली आहे. एके ठिकाणी जरी गवत उखडलं तरी वाऱ्याने तिथे खळगा पडतो आणि तो वाढतच जातो. मग शेतकरी त्यात जुने टायर आणून टाकतात. 1904 साली सरकारने इथे माणशी 640 एकर जमीन फुकट देऊ केली. इतर ठिकाणी 160 एकर मिळायची. तरीही लोकांनी नांगर घालून पाहिला आणि पुष्कळांनी सोडून दिला. गवत ठेवायचं आणि गुरं पाळायची, एवढंच त्या जमिनीला मानवतं. अण्णांनी तर खाली उतरून मूठभर माती हातात घेतली आणि म्हणाले, "ऊस येणार नाही."

रस्त्याच्या बाजूने रेल्वे जाते. कोळशाच्या गाड्या. आमच्या ह्यांनी एका गाडीचे डबे मोजले, एकशे सत्तावीस भरले. आणि रस्त्यावर समोरून मोटार आली की तिचा चालक स्टिअरिंगवरचा हात न काढता एक बोट उचलतो. ओळख ना देख! आपले एसटीचे ड्रायव्हर घाटात एकमेकांना हात करतात, तसंच. दुसऱ्या दिवसापर्यंत जावईबापूंचं बोटही आपोआप वर जायला लागलं होतं.

पहिला मुक्काम हॅल्सीला. तिथलं जंगल माणसांनी हाताने लावलेलं आहे, 1902 पासून. एक झाडही नव्हतं अशा वाळूत. तिथे नळ होता, पाणी होतं, अंघोळीची सोय होती, म्हणून त्याबद्दल सांगण्यासारखं काही घडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मलन नावाचं गाव लागलं. त्याच्या अलीकडेच घड्याळाची रेघ आहे, म्हणजे तिथून वेळेचा पट्टा बदलतो. ती ओलांडली की घड्याळ एक तास मागे. अण्णा खूश. "एक तास फुकट मिळाला," म्हणाले. हा तास लक्षात ठेवा.

मंडळी, इथे थोडं विषयांतर करते. लेकीने चहाची ती पाकिटं आणली होती. गरम पाणी ओता, झाला चहा. याला मी चहा म्हणत नाही. चहा पत्ती टाकून उकळावा लागतो, त्याला आलं ठेचून घालावं लागतं आणि त्याचा वास आजूबाजूच्या चार तंबूंत गेला पाहिजे. मी सांगलीहून चहा, आल्याची पूड, साखर आणि गाळणं घेऊन गेले होते. गाळणं मुद्दाम सांगते, कारण लोक गाळणं विसरतात. असो.

तर तिसऱ्या दिवशी आम्ही साउथ डकोटात, बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यानात पोचलो. तिथे सेज क्रीक नावाचा तंबू ठोकायचा तळ आहे. खडीचा रस्ता. जोराचा पाऊस झाला असेल तर तिकडे वळूच नका. ती माती आपल्या काळ्या रानासारखी चाकाला धरते. मुक्कामाला पैसे पडत नाहीत. पण पाणी नाही. लाकडं पेटवायला बंदी, वणव्याची भीती, त्यामुळे गॅसची शेगडी. दोन-तीन खड्ड्याचे संडास आहेत. आणि बायसन आहेत, म्हणजे तिकडचे केसाळ रानगवे. एके काळी या गवतावर त्यांचे कोट्यवधींचे कळप होते. मारता मारता एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हजाराच्या आत उरले. इथे ते 1963 साली पुन्हा आणून सोडले. ते तळावर सरळ चालत येतात, कुंपण नाही, काही नाही.

जावईबापूंनी बजावलं, "अण्णा, शंभर यार्डांच्या आत जायचं नाही. तो माणसापेक्षा पुष्कळ जोरात पळतो." अण्णा हसले. "अहो, आमच्या गोठ्यात चौदा म्हशी होत्या. रेडा काय मला नवा आहे?"

तिथे पोचायच्या गडबडीत वाटेतल्या गावात पाणी भरायचं राहून गेलं होतं. रात्री पाहिलं, तर एकच कॅन उरलेला, तोही अर्धा. ठरलं, सकाळी चहापुरतं वापरायचं आणि मग वॉल गावाला जाऊन भरून आणायचं.

पहाटे सव्वापाचला उजाडलं. मी शेगडी मांडली, पातेलं ठेवलं, कॅन शोधते तर कॅन नाही. आणि तंबूत अण्णाही नाहीत. आता संडासात कागद ठेवलेला होता, पण आपल्या माणसाचं कागदावर भागत नाही, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मी तिकडे बघितलं. संडासाच्या दारात, अगदी उंबऱ्याला लागून, एक बायसन. एकटा नर. केवढा म्हणून सांगू? आमची गाडी त्याच्यापुढे लहान वाटत होती. थंडीतली लोकर पुंजक्यापुंजक्याने सुटलेली, अंगाला खाज सुटलेली. तो भिंतीच्या कोपऱ्यावर अंग घासत होता. घस्स, घस्स. आतून आवाज आला, "कोण आहे? आहे मी आत!"

त्यांना वाटलं, कोणी दार ठोठावतंय.

लेक ओरडली, "अण्णाकाका, दार उघडू नका! बायसन आहे!" थोडा वेळ शांतता. मग दार चार बोटं उघडलं आणि लगेच मिटलं. मग आतून, गोठ्यात हाकारतात तसं, "हाऽड! हल्या, हाऽड!" बायसनने कान हलवला, खाली बसला आणि रवंथ सुरू केलं. दारासमोरच.

शेजारच्या तंबूतले आजोबा आयोवाचे शेतकरी. ते खुर्ची घेऊन आले आणि आमच्याजवळ बसले. काय करायचं, असं लेकीने त्यांना विचारलं. ते म्हणाले, काही नाही, त्याला वाटेल तेव्हा तो उठेल. मग त्यांनी विचारलं, चहा आहे का? मी म्हटलं, चहा आहे, साखर आहे, गाळणं आहे, पाणी आत आहे. लेकीने त्याचं इंग्रजी केलं आणि ते इतके हसले की त्यांनी स्वतःचा गॅलनभर पाण्याचा कॅन आणून दिला. मी चहा उकळला. वास तिकडे गेला असणार, कारण आतून विचारणा झाली, "वहिनी, माझ्यासाठी ठेवलाय ना?"

तासभराने तो उठला. धुळीत एकदा लोळला आणि ओढ्याकडे निघून गेला. आम्ही आणखी थोडं थांबलो, मग अण्णा बाहेर आले. हातात कॅन. त्यात पाणी अजून शिल्लक होतं, हे त्यांनी पहिल्यांदा दाखवलं.

अलायन्सजवळ जुन्या मोटारी उभ्या गाडून, करडा रंग देऊन केलेलं कारहेंज आहे, त्याबद्दल बोलायचं होतं, पण वेळ संपली म्हणून स्टुडिओच्या काचेपलीकडून मला हात दाखवताहेत. एवढंच सांगते. परत येताना मलनच्या पुढे घड्याळाची रेघ पुन्हा लागली. घड्याळं एक तास पुढे केली. अण्णांनी मात्र केलं नाही. म्हणाले, "माझा तास मी तिकडेच खर्च करून आलोय. आता माझ्याकडे मागू नका."