मक्याच्या जागी कसावा? आधी हिशेब मांडा

खाद्यातला मका इथेनॉलला जायला लागल्यापासून ब्रॉयलरवाल्यांच्या, म्हणजे मांसाच्या कोंबड्या पाळणाऱ्यांच्या, प्रत्येक बैठकीत एक प्रश्न ठरलेला असतो: "सर, मक्याला पर्याय काय?" म्हणून आज कसाव्याबद्दल बोलतो. उपासाचा साबुदाणा ज्या कंदाच्या स्टार्चपासून होतो, तोच हा. तमिळनाडूत सेलम भागात त्याचे कारखाने आहेत. जनावरांना घालणंही नवं नाही. 1970-80 च्या दशकांत थायलंडहून कसाव्याच्या गोळ्या जहाजं भरभरून युरोपात जात, कारण तिथे धान्य महाग पडे. पण तिथले खाद्यवाले त्याच्या जोडीला सोयाही घालत. खरी गोम तिथे आहे.

मक्यात साडेआठ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं, वाळलेल्या कसाव्यात जेमतेम अडीच. म्हणजे 100 किलो मका काढला, तर 86 किलो कसावा आणि 14 किलो सोया डीओसी (तेल काढलेली सोयाबीन पेंड) घालाल तेव्हा कुठे प्रथिनं जुळतात. समजा, मका 24 रुपये आणि डीओसी 42. मक्याचे 2400, त्यातून डीओसीचे 588 वजा, उरले 1812. भागिले 86. एकवीस रुपये! कसावा तुमच्या शेडवर एकवीसच्या खाली पडत नसेल तर विषय तिथेच संपला. यात तेल अजून धरलेलंच नाही. कसाव्यात तेल जवळपास नसतं, ऊर्जाही मक्याहून कमी. तेवढं तेल वरून घालावं लागतं. मेथिओनिन हे अमिनो आम्लही वाढवावं लागतं, आणि त्याचं कारण जरा नीट ऐका.

कसाव्यात लिनामारिन असतं. कंद चिरला की त्यातलंच एन्झाइम त्यावर काम करतं आणि हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. बारीक काप उन्हात पातळ पसरले की त्यातलं बरंचसं उडून जातं. घाईने भट्टीत वाळवले तर एन्झाइमच मरतं, लिनामारिन आत तसंच राहतं. जे पोटात जातं ते पक्ष्याचं शरीर गंधक वापरून थायोसायनेट करून बाहेर टाकतं, आणि ते गंधक येतं मेथिओनिनमधून. तुम्ही अंगावर मांस चढावं म्हणून घातलेलं मेथिओनिन विष निस्तरण्यात खर्ची पडतं. म्हणून प्री-स्टार्टरमध्ये, म्हणजे पिल्लांच्या अगदी सुरुवातीच्या खाद्यात, कसावा घालायचा नाही.

भुग्याचाही त्रास आहे. मॅशमध्ये, म्हणजे नुसत्या दळलेल्या खाद्यात, कसाव्याचं पीठ उडतं, चोचीला चिकटतं, पक्षी कमी खातो. पेलेट (दाबून केलेल्या गोळ्या) केलं तर हा प्रश्न बराचसा मिटतो. रंगाचं म्हणाल तर मक्याचा पिवळेपणा यात नाही. पाय पांढरट दिसले की व्यापारी कुरकुरणार, पक्षी कितीही निरोगी असो. झेंडूच्या अर्काने रंग येतो, पण तोही खर्चच.

साबुदाण्याच्या कारखान्यातला उरलेला चोथा कुणी स्वस्तात देऊ केला तर तो गाईला ठेवा. त्यातला तंतू ब्रॉयलरला झेपत नाही.

ज्यांचं खाद्य कंपनीकडून येतं, त्यांच्या हातात यातलं काहीच नाही. स्वतः खाद्य दळणाऱ्यांनी फिनिशरमध्ये, म्हणजे शेवटच्या टप्प्याच्या खाद्यात, 10 टक्के कसाव्यापासून सुरुवात करावी, तीही एकाच शेडवर. शेजारच्या शेडला नेहमीचं खाद्य ठेवा, म्हणजे एफसीआरची (एक किलो वजनवाढीला किती किलो खाद्य लागलं त्याची) तुलना करता येईल. आणि कसाव्याच्या चिप्सची गाडी उतरवण्याआधी दोन-चार गोण्यांतले काप हातात घेऊन मोडून बघा. नीट वाळलेला काप कटकन तुटतो. वाकत असेल तर बुरशी ठरलेलीच. गाडी तशीच परत पाठवा.