डेकखालचे बिऱ्हाड

श्रोतेहो, नमस्कार.

फेब्रुवारी महिन्यात, साधारण महाशिवरात्रीच्या सुमारास, न्यू जर्सी, इलिनॉय किंवा ओंटारिओतल्या एखाद्या उपनगरात नव्याने घर घेतलेल्या मराठी कुटुंबाला मध्यरात्री अचानक जाग येते ती एका उग्र, डोक्यात जाणाऱ्या वासाने. पहिली शंका गॅसची येते आणि ती अगदीच चुकीची म्हणता येत नाही. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे गंधकयुक्त द्रव्य मिसळलेले असते, आणि स्कंक नावाचा इथला रानटी प्राणी बचावासाठी जो दुर्गंधी फवारा मारतो, त्यातली मुख्य द्रव्ये त्याच कुळातली आहेत. त्यामुळे वास घरातून येतो की बाहेरून याची खात्री होत नसेल, तर गॅस कंपनीला फोन करण्यात संकोच बाळगू नये. मात्र वास अंगणाच्या बाजूने येत असेल आणि त्यात जळक्या रबराची व कुजलेल्या लसणाची झाक असेल, तर जवळपास स्कंक आहे असे समजावे. फेब्रुवारी-मार्च हा त्यांच्या मीलनाचा काळ असतो. थंडीत बिळात पडून राहिलेले नर या दिवसांत माद्यांच्या शोधात लांबवर भटकतात, नको असलेल्या नराला मादी फवाऱ्याने हुसकावते, आणि रस्ते ओलांडताना अनेक जनावरे गाड्यांखाली येतात. या तिन्ही गोष्टींचा वास शेवटी आपल्या खिडकीशी येऊन पोहोचतो.

आपल्या घराभोवती जो दिसतो तो बहुतेक वेळा पट्टेवाला स्कंक असतो. कॅनडाच्या दक्षिण भागापासून मेक्सिकोच्या उत्तर भागापर्यंत त्याचा वावर आहे. आकाराने तो मांजराएवढा, अंगाने काळा, डोक्यावरून निघून पाठीवर दुभंगणारा पांढरा पट्टा असलेला आणि झुपकेदार शेपटीचा प्राणी आहे. प्राणिशास्त्रज्ञ त्याची गणना पूर्वी पाणमांजर आणि बिजू यांच्या कुळात करीत असत. १९९०च्या दशकात जनुकीय अभ्यासानंतर त्याला स्वतंत्र कुळ मिळाले. त्या कुळातले अमेरिका खंडांबाहेरचे नातेवाईक फक्त इंडोनेशिया-फिलिपिन्सच्या बाजूला सापडतात. भारतात या कुळातला एकही प्राणी नाही. त्यामुळे साप, विंचू, माकड, मुंगूस यांच्याबाबतीत घरातल्या वडीलधाऱ्यांकडून आपसूक मिळालेले शहाणपण इथे उपयोगी पडत नाही, आणि भारतातून चार महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा त्याला मांजर समजून हाकलायला पुढे सरसावतात.

हाकलायला पुढे सरसावणे हीच नेमकी टाळण्याजोगी गोष्ट आहे. स्कंकच्या गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना एकेक ग्रंथी असते. त्या दोन्हींत मिळून साठा असतो तो जेमतेम १५ मिलिलिटर द्रवाचा, म्हणजे पाच-सहा फवाऱ्यांपुरता, आणि एकदा संपल्यावर तो पुरता भरून यायला आठ-दहा दिवस लागतात. एवढ्या दिवसांत घुबड किंवा कोयोटी हा लांडग्यासारखा प्राणी समोर आला तर स्कंकपाशी बचावाचे दुसरे काहीच उरत नाही, कारण त्याला वेगाने पळता येत नाही, नीट चढता येत नाही आणि काही मीटरपलीकडचे धड दिसतही नाही. म्हणून तो फवारा शक्यतो मारत नाही आणि मारण्यापूर्वी इशारा देतो. प्रथम तो जागीच थबकतो, मग पुढचे पाय जमिनीवर आपटतो, फुसफुसतो, शेपटी उभारतो, आणि तरीही समोरचा हटला नाही तर अंग असे वाकवतो की तोंड व पार्श्वभाग दोन्ही एकाच वेळी आपल्याकडे होतात. पाय आपटण्याच्या पायरीवर आपण असू तर अजून अवधी आहे. तेव्हा ओरडू नये, टॉर्च त्याच्या तोंडावर मारू नये, हलक्या आवाजात बोलत सावकाश मागे सरकावे. आवाज महत्त्वाचा अशासाठी की, ज्याला लांबचे दिसत नाही त्याला आपण कुठे आहोत आणि कुठे निघालो आहोत हे त्यामुळे कळते. फवाऱ्याचा नेम सुमारे ३ मीटरपर्यंत चांगला असतो. पुढेही तुषार पोहोचतात.

माणसाला हा इशारा कळतो, कुत्र्याला कळत नाही, किंवा कळला तरी त्याला दम धरवत नाही. म्हणून या विषयातले बहुतेक रात्रीचे फोन कुत्रा पाळणाऱ्या घरांतून येतात, आणि फोनवर सल्ला मिळतो तो टोमॅटोच्या रसाचा. हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आला असला तरी त्यात तथ्य नाही. उग्र वास काही काळ घेत राहिल्यावर आपले नाक त्या वासाला सरावते, त्यात टोमॅटोचा वेगळा वास येऊ लागतो, आणि आंघोळ घालणाऱ्याला वाटते की काम झाले. बाहेरून नुकत्याच घरात आलेल्या माणसाला विचारा, तो खरे काय ते सांगेल. शिवाय टोमॅटोने माखलेला कुत्रा घरभर अंग झटकत फिरतो, तो भाग निराळाच.

रासायनिकदृष्ट्या प्रश्न असा आहे की, या फवाऱ्यात थायॉल नावाची गंधकयुक्त संयुगे असतात आणि त्यांच्या जोडीला थायोअॅसिटेट नावाची, त्या मानाने कमी वासाची संयुगेही असतात. ही दुसऱ्या प्रकारची संयुगे केसांत चिकटून राहतात आणि पाण्याशी संबंध आला की हळूहळू थायॉलमध्ये बदलतात. म्हणूनच आठवड्यापूर्वी स्वच्छ वाटलेला कुत्रा पावसात भिजून आला की पुन्हा घमघमतो. या थायॉलचे ऑक्सिडीकरण करून त्यांना वासहीन, पाण्यात विरघळणाऱ्या द्रव्यात बदलणे हा त्यावरचा खरा उपाय. इलिनॉय राज्यातले रसायनशास्त्रज्ञ पॉल क्रेबॉम प्रयोगशाळेतील हायड्रोजन सल्फाइडच्या दुर्गंधीवर उपाय शोधत असताना त्यांच्या एका सहकाऱ्याच्या मांजरावर स्कंकने फवारा मारला. प्रयोगशाळेतल्या त्याच तत्त्वाचे सौम्य, घरगुती रूप त्यांनी सुचवले, आणि १९९३ साली ‘केमिकल अँड इंजिनिअरिंग न्यूज’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध झाल्यावर देशभर पसरले.

कृती लिहून घेण्यासारखी आहे. औषधांच्या दुकानात मिळणारे ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड सुमारे ९५० मिलिलिटर, त्यात पाव कप खाण्याचा सोडा आणि एक चहाचा चमचा भांडी घासण्याचे पातळ साबण, एवढे उघड्या बादलीत एकत्र करावे. मिश्रण फसफसत असतानाच ते कोरड्या, न भिजवलेल्या केसांना बोटांनी मुळापर्यंत चोळावे, पाच मिनिटे राहू द्यावे आणि मग कोमट पाण्याने भरपूर धुवावे. डोळ्यांत व तोंडात जाऊ देऊ नये; काळ्या केसांचा रंग थोडा उतरू शकतो, हेही ध्यानात असावे. उरलेले मिश्रण बाटलीत भरून झाकण लावून ठेवणे मात्र धोक्याचे आहे, कारण त्यातून प्राणवायू सुटत राहतो आणि बाटली फुटते. हे औषध दुकानात तयार बाटलीत का मिळत नाही, याचे उत्तरही त्यातच आहे. डोळ्यांत फवारा गेला असेल, तर माणसाचे असोत वा कुत्र्याचे, डोळे साध्या पाण्याने बराच वेळ धुवावेत. आग व पाणी येणे थोड्या वेळाने थांबते. न थांबल्यास डॉक्टरांना दाखवावे. अंग धुऊन होईपर्यंत कुत्र्याला घरात घेऊ नये, हे सांगायला सोपे आणि पाळायला कठीण आहे, कारण तो बिचारा त्या क्षणी सगळ्यांत आधी आपल्याच मांडीकडे धावतो.

आता हा प्राणी आपल्या अंगणात येतो कशासाठी, याकडे वळू. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सकाळी उठून पाहावे तर हिरवळीवर जागोजाग निमुळती, दोन-तीन इंचांची भोके पडलेली असतात. शेतकरी घरातून आलेल्या श्रोत्यांना हुमणी सांगायला नको. ऊस आणि भुईमुगाची मुळे खाणारी ती पांढरी, वाकडी अळी. इथल्या हिरवळीखाली जपानी भुंगेऱ्यांच्या आणि जून भुंगेऱ्यांच्या तशाच अळ्या असतात आणि स्कंकला त्या फार प्रिय आहेत. वासावरून जागा हेरून तो नाकाने व नखांनी एकेक अळी उकरून काढतो. भोके दिसली म्हणजे हिरवळ बिघडवणारा आधीच जमिनीखाली होता, हा तर केवळ त्याच्या मागावर आला. माझ्या मते एका मोसमापुरती भोके पडू द्यावीत. माती पायाने दाबली की गवत पुन्हा धरते. यलोजॅकेट या चावऱ्या गांधीलमाश्यांची जमिनीतली पोळीही तो रात्री उकरून खातो, आणि उंदरांचाही समाचार घेतो. हे काम आपण पैसे देऊन करवून घेतो.

जे त्याला खाऊ घालायला नको, ते मात्र आपणच मांडून ठेवतो. मांजरासाठी रात्रभर बाहेर राहिलेली वाटी, पक्ष्यांच्या दाणापात्राखाली सांडलेले दाणे, झाडाखाली पडलेली सफरचंदे आणि झाकण न बसणारा कचऱ्याचा डबा ही नेहमीची ठिकाणे. पितृपक्षात कावळ्यासाठी डेकच्या, म्हणजे घराला लागून असलेल्या लाकडी ओट्याच्या, कठड्यावर पान ठेवण्याची प्रथा अनेक घरांत आजही श्रद्धेने पाळली जाते. कावळा फिरकला नाही तर ते पान अंधार पडण्यापूर्वी उचलावे एवढेच म्हणतो. दह्याचे रिकामे डबेही चेपून टाकावेत. निमुळत्या तोंडाच्या डब्यात डोके अडकलेला स्कंक आंधळ्यासारखा फिरतो आणि रस्त्यावर मरतो.

खरा पेच निर्माण होतो तो अन्नामुळे नव्हे, बिऱ्हाडामुळे. डेक, पायऱ्या, बागेतले शेड किंवा घराच्या जोत्याखालची पोकळी ही स्कंकच्या दृष्टीने तयार घरे असतात. हिवाळ्यात तो पूर्ण शीतनिद्रा घेत नाही, पण कडाक्याच्या थंडीत दिवसचे दिवस पडून राहतो, आणि तेव्हा अनेक माद्या एकाच बिळात दाटीने राहतात. मे महिन्यात पिल्ले होतात, बहुधा चार ते सहा. जून-जुलैत ती आईमागे एका रांगेत बाहेर पडू लागतात आणि उन्हाळा सरता सरता आपापल्या वाटेने जातात. हे वेळापत्रक डोळ्यांसमोर नसताना जी घाई केली जाते, तिच्यातून मोठे अनर्थ ओढवतात. मे-जूनमध्ये भोक बुजवले, तर आई बाहेर आणि पिल्ले आत राहतात. उपाशी पिल्ले डेकखाली मरतात, आणि आई आत शिरण्यासाठी जाळी, लाकूड, माती सगळे उकरते. तो वास फवाऱ्याच्या वासापेक्षा जास्त दिवस राहतो.

म्हणून बंदोबस्ताचा योग्य काळ ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंतचा. वृत्तपत्राचा सैलसर बोळा भोकात खुपसून ठेवावा. दोन-तीन रात्री तो जागचा हलला नाही तर आत कोणी नाही असे मानायला हरकत नाही. ऐन थंडीत ही परीक्षा विश्वासार्ह ठरत नाही, कारण आतला प्राणी त्या काळात बाहेरच पडत नाही. आत कोणी असेल, तर बाहेर उघडणारे पण आत न ढकलता येणारे एकदिशा दार भोकावर बसवतात. त्याआधी बिळाजवळ दिवा लावून ठेवावा आणि रेडिओवर गप्पांचे केंद्र लावावे, असाही सल्ला वन्यजीवांची जाण असलेले लोक देतात. अखंड बोलणारा माणूस शेजारी नको म्हणून स्कंक बिऱ्हाड हलवतो, हे आम्हा रेडिओवर बोलणाऱ्यांनी मनाला लावून घेऊ नये. जागा रिकामी झाली की अर्ध्या इंचाच्या छिद्रांची पोलादी जाळी डेकच्या कडेला ठोकून किमान सहा इंच, शक्य तर फूटभर जमिनीत पुरावी आणि तिचे टोक बाहेरच्या बाजूला आडवे वळवावे, म्हणजे खणणाऱ्याच्या पायाखाली जाळीच येते. डांबराच्या गोळ्या मात्र टाकू नयेत. त्या कपाटातल्या बंद डब्यासाठी बनवलेल्या असतात; उघड्यावर त्यांनी स्कंक हटत नाही, उलट त्यांचे विष मातीत जाते आणि लहान मुलांच्या हाती लागण्याची भीती असते.

पिंजरा लावून प्राणी दूरच्या जंगलात सोडून येणे हा उपाय दयाळू वाटतो, पण कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्ससह अनेक राज्यांत परवानगीशिवाय तसे करणे बेकायदेशीर आहे. अनोळखी मुलखात सोडलेला प्राणी क्वचितच तग धरतो आणि त्याच्यासोबत रोगही स्थलांतरित होतो.

त्या रोगांपैकी रेबीजबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. भारतात रेबीज म्हटले की कुत्रा आठवतो. अमेरिकेत कुत्र्यांमध्ये पसरणारा रेबीजचा प्रकार संपुष्टात आल्याचे २००७ साली जाहीर झाले, आणि आज तिथे हा रोग मुख्यतः वटवाघूळ, रॅकून, स्कंक व कोल्हा या वन्य प्राण्यांत आढळतो. दिवसा दिसलेला प्रत्येक स्कंक पिसाळलेला नसतो, कारण पिल्लांची भूक भागवणारी आई उजेडीही बाहेर पडते. पण झोकांड्या खाणारा, विनाकारण अंगावर येणारा किंवा माणसाचे भय अजिबात न बाळगणारा प्राणी दिसला, तर मुलांना आत घेऊन शहराच्या प्राणी नियंत्रण विभागाला कळवावे. चावा झालाच, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. फवाऱ्यातून मात्र रेबीज होत नाही. कुत्र्या-मांजरांचे लसीकरण मुदतीत असणे इथे कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचे ठरते, कारण लस न घेतलेल्या कुत्र्याला संशयित स्कंकचा चावा झाला, तर त्याला कित्येक महिने वेगळे कोंडून ठेवण्याची किंवा त्याहून कठोर निर्णय घेण्याची वेळ येते. लसीचे प्रमाणपत्र कुठे ठेवले आहे आणि त्यावरची मुदत कधी संपते, हे आज रात्री कुत्र्याला अंगणात सोडण्यापूर्वी पाहून घ्यावे. नमस्कार.