अमेरिकेचं पेट्रोल आणि देवाचं नाव

तर मंडळी, ७ मे २००१. कॅलिफोर्नियात लाइट जातेय, पेट्रोल महागलंय, जॉर्ज डब्ल्यू. बुश यांना अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होऊन साडेतीन महिने झालेत. व्हाइट हाउसच्या रोजच्या ब्रीफिंगमध्ये प्रवक्ते अॅरी फ्लायशर यांना प्रश्न येतो की आपण माणशी एवढी एनर्जी वापरतो, तर लोकांनी राहणीमान बदलावं असं राष्ट्राध्यक्षांना वाटतं का? उत्तर, साफ नाही. अमेरिकन जीवनशैली जपणं हेच सरकारचं ध्येय असायला हवं, आणि ही जीवनशैली आशीर्वाद लाभलेली आहे.

आता बघा, प्रश्न हिशोबाचा होता. जगातली पाच टक्क्यांहून कमी माणसं त्या देशात आणि तेव्हा जगातली जवळपास पाव ऊर्जा तिथे जळायची. यावर बाजू मांडता आली असती ना, देश मोठा आहे, अंतरं लांबची आहेत, कारखाने आहेत, मग त्यावर वाद घालता आला असता. पण आशीर्वाद म्हटलं की विषयच मिटला, देवाने दिलेल्याचा हिशोब कोण मागणार, आणि जो मागेल तोच नास्तिक. मला हे फार गंभीर वाटतं, कारण इथे श्रद्धेचाही वापर होतो आणि लोकशाहीतला एक साधा प्रश्नही मारला जातो.

त्याच्या आठवडाभर आधी टोरँटोत उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी म्हणाले होते की बचत हे वैयक्तिक सद्गुणाचं लक्षण असेल, पण भक्कम ऊर्जा धोरणाला तेवढा पाया पुरत नाही. म्हणजे जाळणं हे राष्ट्राचं भाग्य, आणि वाचवणं हे ज्याचं त्याचं सोवळं!

हे एकाच पक्षाचं, म्हणजे बुश-चेनींच्या रिपब्लिकनांचं, आहे असं समजू नका हं. आधीचे एक राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर, डेमोक्रॅट, चर्चच्या संडे स्कूलमध्ये शिकवणारे बॅप्टिस्ट ख्रिश्चन. १९७९ मध्ये इराणच्या क्रांतीनंतर पंपांवर रांगा लागल्या तेव्हा ते कॅम्प डेव्हिडला, राष्ट्राध्यक्षांच्या विश्रामस्थळी, जाऊन बसले, धर्मगुरूंसकट कितीतरी लोकांचं ऐकून घेतलं आणि १५ जुलैला टीव्हीवर बोलले, की आपल्यातले फार जण चैनीची आणि उपभोगाची पूजा करायला लागलेत. मागितलं काय, तर गाडी आठवड्यातून एक दिवस जास्त उभी ठेवा, विनाकारण फिरू नका, घराचं तापमान ठरवणारा थर्मोस्टॅट नीट लावा. मला त्यांची तळमळ खरी वाटते, आणि लोकांनाही ती आधी भावली होती, लोकप्रियता वाढली होती, मग दोनच दिवसांत मंत्रिमंडळाचे राजीनामे मागितले आणि सगळं घसरलं. त्याच भाषणात तेलाच्या आयातीवर ठोस मर्यादा होती, २००० पर्यंत २० टक्के ऊर्जा सूर्यापासून घ्यायचं उद्दिष्ट होतं, पण ते कुणाला आठवत नाही, आठवतं ते प्रवचन.

आशीर्वाद म्हणा नाहीतर पाप, दोन्हीकडे गोष्ट माणसाच्या आत्म्यावर जाते, इंजिनावर येतच नाही. आणि काम इंजिनावरच झालंय. १९७५ च्या कायद्याने १९८५ पर्यंत नव्या कारचं सरासरी मायलेज गॅलनला २७.५ मैलांवर न्यायचं ठरवलं. पिकअप आणि एसयूव्हीला मात्र ढिला नियम, म्हणून पुढे लोक त्याच घ्यायला लागले आणि सरासरी पुन्हा अडकली. ही पळवाट बुजवा असं २००१ मध्ये म्हणायला कुठलाच धर्म आड येत नव्हता. पुढे २००६ मध्ये स्वतः बुशच म्हणाले की अमेरिकेला तेलाचं व्यसन लागलंय, आणि २००७ च्या डिसेंबरमध्ये त्यांनीच सही केली, २०२० पर्यंत कार आणि हलके ट्रक (म्हणजे याच पिकअप, एसयूव्ही) मिळून सरासरी गॅलनला ३५ मैल.