लघुक्रमांक आणि तीन रुपये

श्रोतेहो, नमस्कार. ‘अमुक शब्द लिहून या पाच आकडी क्रमांकावर संदेश पाठवा’ अशी जाहिरात आपण सर्वांनीच पाहिली आहे. पाचने सुरू होणारे हे लघुक्रमांक, म्हणजेच शॉर्टकोड, दूरसंचार विभागाच्या क्रमांक योजनेतून दिले जातात. मात्र क्रमांक मिळाला तरी प्रत्येक मोबाइल कंपनीशी करार करून तो तिच्या जाळ्यात वेगळा जोडून घ्यावा लागतो. लहान व्यापाऱ्याला हा खटाटोप परवडत नाही, म्हणून तो एखाद्या मध्यस्थाच्या सामायिक क्रमांकावर केवळ एक शब्द, म्हणजे कीवर्ड, भाड्याने घेतो.

सोलापूरच्या चाटी गल्लीतील एका परिचित चादर-व्यापाऱ्यांनी काही वर्षांपूर्वी गड्ड्याच्या यात्रेसाठी असाच शब्द घेतला आणि होम मैदानाजवळ फलक लावला: संदेश पाठवा, उत्तरात येणारे कूपन दाखवा, टॉवेलच्या जोडीवर सवलत मिळवा. संध्याकाळी दुकानात गर्दी उसळली, पण ती भांडायला आलेल्यांची होती. एकाच घरातील सासूबाईंच्या फोनवर कूपन आले होते आणि सूनबाईंच्या फोनवर ‘संदेश गेला नाही’ एवढेच उमटत होते, कारण सूनबाईंच्या सिमकार्डाच्या कंपनीकडे मध्यस्थाने क्रमांक जोडलाच नव्हता. ज्यांचा संदेश पोहोचला, त्यांच्या शिलकीतून तीन रुपये कापले गेले होते. मोफत संदेशांचा पॅक अशा क्रमांकांना सहसा लागू होत नाही, याचा फलकावर उल्लेखही नव्हता. (यात्रेतील फलकांवरच्या अटी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिणाऱ्यांना त्या भर चौकात मोठ्याने वाचायला लावाव्यात, असे माझे जुने मत आहे.) अक्कलकोटकडचे एक काका टॉवेल बाजूला सारून म्हणाले, “शेठ, सवलत राहू द्या, आधी माझे तीन रुपये काढा.” शेठजींनी गल्ल्याशेजारी सुट्या नाण्यांची थाळी मांडली आणि यात्रा संपेपर्यंत ती उचलली नाही.

म्हणून पुन्हा सांगतो: क्रमांक एकच, पण जोडणी प्रत्येक कंपनीची वेगळी. मध्यस्थाकडून सर्व कंपन्यांची यादी आणि ग्राहकाला पडणारा दर लेखी घ्यावा, आणि प्रत्येक कंपनीच्या सिमवरून एकेक संदेश पाठवून पाहिल्याशिवाय फलक रंगवायला देऊ नये.

उत्तरादाखल कूपन पाठवायचे, तर ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, याच्या 2018 च्या नियमावलीनुसार उभारलेल्या डीएलटी व्यवस्थेत, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या सामायिक डिजिटल नोंदवहीत, व्यवसायाची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि संदेशाच्या मसुद्याची नोंदणी आता आवश्यक आहे. नोंदणी नसलेला मसुदा मोबाइल कंपनी वाटेतच अडवते. त्याच शेठजींनी पुढे मिस्ड कॉलचा साधा दहा आकडी क्रमांक लावला, तरी कूपनाच्या संदेशासाठी ही नोंदणी त्यांना करावीच लागली.